पूजेला बसलेला टीव्ही

आपट्याची पानं, देवीला वेणी आणि पुरणासाठी किलोभर गूळ घेऊन रूपाली बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून घरी आली, जिना चढून वर पोचली आणि एक चप्पल पायात नि एक हातात अशी दारातच थबकली. समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीला झेंडूचा हार घातलेला होता. क्षणभर तिच्या मनात आलं, अगं बाई, कोण गेलं?

कोणी गेलं नव्हतं. सगळे धडधाकट होते आणि दात काढत होते. नवरा पृथ्वीराज सोफ्यावर बसून हसत होता, मुलगी भक्ती तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि ज्याच्या डोक्यातून हे निघालं होतं तो बारावीतला मुलगा ध्रुव तर भिंतीला टेकून पोट धरून उभा होता. एकटे मामंजी गंभीर होते. प्रतापसिंहराव मोहिते, वय वर्षं त्र्याऐंशी, पाटासमोर चटईवर मांडी घालून बसले होते आणि समईची वात सारखी करत होते.

आज खंडेनवमी. मोहित्यांच्या घरात दिवाळी एक वेळ साधी होईल, खंडेनवमी नाही व्हायची. वाडवडील गायकवाडी फौजेत शिलेदार. फौज गेली, घोडे गेले, नागरवाड्यातलं हे दोन खोल्यांवर दोन खोल्यांचं घर राहिलं आणि एक तलवार राहिली. नवमीला सकाळी ती तलवार पाटावर ठेवायची आणि तिच्या शेजारी घरातल्या प्रत्येकानं आपापलं हत्यार मांडायचं, म्हणजे ज्याच्यावर ज्याचं पोट किंवा डोकं चालतं ते. हळदीकुंकू आणि फूल वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यातल्या कशाला बोटसुद्धा लावायचं नाही. पृथ्वीराज प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधला आपला पाना ठेवायचा, भक्ती लॅपटॉप ठेवायची, आणि ध्रुव फिजिक्स-केमिस्ट्रीची सगळी पुस्तकं ठेवायचा, अगदी भक्तिभावानं, एकही चुकून बाहेर राहू नये म्हणून कपाटात दोनदा शोधून.

राहता राहिली रूपाली. तिचं हत्यार लाटणं. पण लाटणं पूजेत बसलं तर पुरणपोळ्या कशानं लाटायच्या? म्हणून त्याला तेवढं हळदीकुंकू लावून लगेच ओट्यावर परत पाठवायचं. सत्तावीस वर्षं घरातल्या सगळ्या हत्यारांना एक दिवस सुट्टी मिळत होती, तिच्या लाटण्याला काही मिळाली नव्हती. तिनं कधी कुरकुर केली नव्हती. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं म्हणा ना.

"हा काय चावटपणा?" रूपालीनं विचारलं.

"मम्मी, दादाजींनी विचारलं, रूपालीचं हत्यार कोणतं," ध्रुव हसू दाबत म्हणाला. "मी म्हटलं, टीव्ही! अजून काय?"

"मग?"

"मग मी म्हणालो, आण रिमोट," मामंजी म्हणाले. "पोरगा थट्टेत बोलला, पण खरं बोलला."

आणि खरंच, पाटावर, तलवारीच्या मुठीला खेटून, रिमोट बसला होता. त्याच्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं आणि एक पिवळाधमक झेंडू.

रूपालीचं टीव्हीवेड अख्ख्या घराच्या थट्टेचा विषय होता. आता मालिका तर सगळ्याच बायका बघतात, पण हिचं तसं नव्हतं. ही काहीही बघायची. डॉक्टरांच्या मुलाखती, ग्राहक मंचाचा सल्ला, समुद्राच्या तळाचे माहितीपट, शेअर बाजार, पशुपालन. घरात एक शेळी नाही, पण शेळीला काय खाऊ घालू नये ते हिला पाठ! मागच्याच महिन्यात नाश्त्याला बसल्यावर तिनं सांगितलं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तर पृथ्वीराज म्हणाला, "आणि तुला एकही नाही. पोह्यांत मीठ कुठाय?" सगळे खो खो हसले. ती पण हसली आणि मीठ आणायला उठली.

पण आज तिला हसू येईना. कारण आज संध्याकाळी पाच वाजता ती स्वतः टीव्हीवर दिसणार होती.

हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. शहरातल्या एका केबल चॅनलवर 'सवाल सामे साडी' नावाचा गृहिणींचा कार्यक्रम लागायचा. प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि साडी जिंकायची, असा सरळ मामला. तीन आठवड्यांपूर्वी ती करजणला, भजनी मंडळातल्या जुन्या मैत्रिणीकडे, शालिनीकडे जाते असं सांगून घरून निघाली होती आणि थेट स्टुडिओत जाऊन बसली होती. "कोणी विचारलंच तर तू माझ्याकडे आली होतीस, आपण बटाटेवडे खाल्ले," असं शालिनीनं फोनवर पक्कं करून दिलं होतं. रूपालीनं दहाच्या दहा उत्तरं बरोबर दिली. जिंकलेली साडी तेव्हापासून गव्हाच्या पिंपात, वर जुनं पातळ टाकून, दडवलेली होती.

साडीचं एवढं नव्हतं हो. शेवटी कार्यक्रमातल्या बाईंनी एक प्रश्न विचारला, जो साडीसाठी नव्हता, आणि त्याचं उत्तर देताना रूपाली मामंजींबद्दल बोलून गेली. सत्तावीस वर्षं त्यांच्या तोंडावर जे बोलायची तिची छाती झाली नव्हती, ते कॅमेऱ्यासमोर घडाघडा बोलून आली. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला होता. पाच वाजता सगळ्यांना चहा द्यायचा, काही न बोलता टीव्ही लावायचा आणि मामंजींनी ते सगळ्यांच्या देखत ऐकायचं. त्यांनी ऐकलं पाहिजे, बास. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी सांगू म्हणण्यात काय अर्थ आहे?

आणि नेमका त्याच दिवशी टीव्ही हार घालून बसला.

गूळ चिरता चिरता तिनं बाहेर आवाज टाकला, "मामंजी, टीव्हीला हत्यार म्हणता येतं का पण? धार नाही, काही नाही."

"लॅपटॉपला कुठं आहे धार?" मामंजी आतल्या दिशेनं म्हणाले.

"पण समजा अडचण आली, तर देवीची क्षमा मागून..."

"पणजोबांची गोष्ट विसरलीस वाटतं."

ती गोष्ट विसरणं शक्यच नव्हतं, कारण ती दर नवमीला होते. पणजोबांना नवमीच्याच दिवशी राजवाड्यावर पहाऱ्याचा हुकूम आला. तलवार पूजेत. मग काय, त्यांनी तलवारीला हात न लावता पणजीच्या हातचं धुण्याचं बडवणं उचललं आणि रात्रभर राजवाड्याच्या दारात बडवणं खांद्यावर घेऊन उभे राहिले. मामंजींनी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगितली. ज्या घरात पणजोबा बडवणं घेऊन पहाऱ्याला गेले, त्या घरात रिमोट कोण उचलणार!

दोन वाजता जेवणं झाली आणि मामंजी पुन्हा पूजेसमोर जाऊन बसले. हा आणखी एक नियम. नवमीच्या दिवशी तलवारीपाशी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं बसायचं, समई विझू द्यायची नाही आणि उंबरा ओलांडायचा नाही. पाठीला तक्क्या लावून ते बसले, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मामंजींचं घोरणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. गल्लीपलीकडच्या निरुपमाबेन म्हणतात, "मला दुपारी घड्याळ बघावं लागत नाही, काका सुरू झाले की समजायचं, दोन वाजले."

रूपाली दारात उभी राहून पाहत होती. भक्ती नि ध्रुव खाली होते, पृथ्वीराज आडवा झाला होता. मामंजींचा घसा खर्जात लागला होता. रिमोट हाताच्या अंतरावर. हलकेच उचलायचा, पाचला लावायचा, सहाला परत ठेवायचा, वर झेंडू. कोणाला कळणार? ती चवड्यांवर चालत पाटापाशी गेली, खाली वाकली, हात पुढे केला, आणि हात तिथंच थांबला. रिमोटला लावलेलं कुंकू वेडंवाकडं होतं. मामंजींचा हात हल्ली थरथरतो, म्हणून बाकीच्या सगळ्या वस्तूंना त्यांनी ध्रुवला लावायला सांगितलं होतं. तिच्या हत्याराला मात्र स्वतः लावलं होतं. तिला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच मागं फिरली आणि खाली जाऊन भक्तीला सगळं सांगून बसली, करजणपासून गव्हाच्या पिंपापर्यंत.

भक्तीचे डोळेच विस्फारले. "मम्मी! तू? टीव्हीवर? आणि शालिनीमावशीकडचे बटाटेवडे?"

"हळू बोल गं!"

"मग त्यात काय एवढं? निरुपमाबेनकडे जाऊन बघू सगळे."

"सगळे जातील. मामंजी कसे जातील? उंबरा ओलांडत नाहीत आज. आणि ज्यांनी ऐकायचं तेच नसले तर बाकीच्यांनी ऐकून काय मोठंसं होणार आहे?"

"मी मोबाइलवर शूट करून आणते."

रूपालीनं मान हलवली. मामंजींना मोबाइलवर काहीही दाखवा, नातवंडांचा गरबा दाखवा नाहीतर काश्मीरचा बर्फ दाखवा, ते हात लांब करून दोन सेकंद बघतात, "छान" म्हणतात आणि परत देतात. एवढ्या वर्षांनी ओठांवर आलेलं असं दोन सेकंदांत "छान" होऊन परत आलं तर ते तिला सोसलं नसतं.

भक्तीनं खिडकीतून समोर वर पाहिलं. नागरवाड्यातली गल्ली ती केवढीशी! समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना कोथिंबीर देतात. निरुपमाबेनचा टीव्ही त्यांच्या वरच्या खोलीत, चाकाच्या टेबलावर. त्यांची खिडकी बरोबर मोहित्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीसमोर, आणि दिवाणखान्यात खिडकीपासून चार हातांवर मामंजी.

"मम्मी," भक्ती म्हणाली, "उठ."

निरुपमाबेनना सांगितल्यावर त्यांनी आधी रूपालीच्या गालाला हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. "अरे गांडी, मने कहेवुं जोईए ने!" वेडे, मला सांगायचं नाही होय, असं म्हणून त्यांनी संध्याकाळच्या गरब्यासाठी काढून ठेवलेली चणियाचोळी पलंगावर फेकली, टेबल धरलं आणि तिघींनी मिळून टीव्ही ढकलत ढकलत खिडकीत आणला. वायर तोकडी पडली, तर शिलाई मशीनचा एक्स्टेन्शन बोर्ड आला. पाचला दहा मिनिटं असताना त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला आणि एका मसाल्याच्या जाहिरातीनं सगळी गल्ली हादरली.

इकडे पृथ्वीराज डोळे चोळत बाहेर आला. "हे काय? निरुपमाबेन बहिऱ्या झाल्या का?"

"पप्पा, बसा. कार्यक्रम बघायचाय," भक्तीनं त्याला खिडकीशी बसवलं.

"पण आज टीव्ही बंद ना?"

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. ते जागे झाले होते. त्यांनी खिडकीतून समोर पाहिलं, मग रिमोटकडे पाहिलं आणि सावकाश निकाल दिला. "आपला पूजेत आहे. त्यांचा त्यांच्या घरी आहे. आपण कानात बोळे घालून बसावं असं काही शास्त्र नाही."

रूपाली चहाचा ट्रे घेऊन आतल्या दाराशी उभी राहिली.

पाच वाजले. गाणं वाजलं, साड्या फिरल्या आणि पडद्यावर मोरपंखी साडी नेसलेली, केसांत गजरा माळलेली एक बाई दिसली.

"ही तर तू!" पृथ्वीराज जवळजवळ खिडकीतून बाहेर पडला. "पण तू तर करजणला... ही मोरपंखी तू करजणला नेसून..."

"पप्पा, शू!"

एकामागून एक प्रश्न आले. पडद्यावरची रूपाली फाडफाड उत्तरं देत होती, तीही अस्सल बडोदी गुजरातीत, आणि प्रत्येक उत्तराला निरुपमाबेन समोरून टाळ्या वाजवत होत्या. खाली गल्लीत एक स्कूटर थांबली, मग दुसरी. नवव्या प्रश्नाला ध्रुव ओरडला, "हे तर मलापण येत नव्हतं!" आणि दहावा प्रश्न आला, ऑक्टोपसला हृदयं किती? पृथ्वीराजनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तीन," पडद्यावरची रूपाली म्हणाली, आणि इकडे दारातल्या रूपालीनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्यानं मुकाट येऊन तिच्या ट्रेमधला चहाचा कप उचलला.

साडी मिळाली. मग कार्यक्रमातल्या बाईंनी विचारलं, "रूपालीबेन, तमने आ बधुं शीखव्युं कोणे?"

रूपालीनं ट्रे खाली ठेवला.

"माझ्या सासऱ्यांनी," पडद्यावरची ती गुजरातीत म्हणाली. "मी चाळीसगावची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला गुजरातीचं एक अक्षर येत नव्हतं. भाजी घ्यायची तर बोटं दाखवून. एक दिवस भाजीवाली नि बाकीच्या बायका माझ्यावर हसल्या आणि मी रडत घरी आले. कोणाला काही बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात सासऱ्यांनी टीव्ही आणला. सगळ्यांना सांगितलं, क्रिकेट बघायचंय. आता त्यांना क्रिकेटमधलं इतकं कळतं की कोणी षटकार मारला की विचारतात, आउट का?"

गल्लीत हशा पिकला. खिडकीतल्यांचं लक्ष मात्र पडद्यावर खिळलं होतं.

"ते रोज संध्याकाळी गुजराती बातम्या लावायचे आणि खुर्चीत डोळे मिटून झोपायचे. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्यांसमोर बसत नसे. पण सासरे झोपलेत म्हटल्यावर काय, मी दाराशी बसून बघायचे. बातम्या झाल्या की शेतीचा कार्यक्रम, मग नाटक. सहा महिन्यांत मी त्याच भाजीवालीशी गुजरातीत भांडले."

बाई हसल्या. "पण सासरे तर झोपलेले! मग त्यांनी शिकवलं कसं?"

पडद्यावरच्या रूपालीचा आवाज बारीक झाला, पण निरुपमाबेनच्या टीव्हीचा मोठा होता.

"ते झोपलेले नसायचे, बेन. झोपले की ते घोरतात, अख्ख्या गल्लीला माहितीये. बातम्यांच्या वेळी ते एकदाही घोरले नाहीत. मी दाराशी बसले की बसले, एवढं त्यांना कळायचं, आणि मग मी उठेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. मी हे त्यांना कधी बोलले नाही. ते माझ्या बापासारखे नाहीत, बापच आहेत. आज ते हे बघत असतील, म्हणून सांगते."

जाहिरात लागली. निरुपमाबेननी पदर डोळ्यांना लावत आवाज बंद केला. भक्ती आईच्या गळ्यात पडली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

मामंजी तक्क्याला टेकून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसले होते. दुपारी बसले होते अगदी तसेच.

"अरे यार!" ध्रुव कळवळून ओरडला. "दादाजी झोपले! सगळंच मिस झालं त्यांचं! थांबा, उठवतो मी..."

"थांब," रूपाली म्हणाली.

तिनं कान देऊन ऐकलं. समईची वात तडतडत होती, खाली स्कूटर सुरू होत होती. दुपारी ज्या घशानं गल्ली दणाणून सोडली होती तो घसा अगदी चिडीचूप होता. रूपालीला इतकं भरून आलं की समोरची तलवार, पाना, रिमोट सगळं एकात एक मिसळून गेलं.

"झोपू दे त्यांना," ती म्हणाली. आणि दाराशी नाही, चटईवर, मामंजींच्या शेजारी जाऊन बसली.